४०२ चं ड्रिलिंग आणि सूनबाईंची अर्धशिशी

३०२ काकू: सेक्रेटरी साहेब आता हद्द झाली. २ ते ४ ड्रिल बंद ठेवायचं मीटिंगमध्ये ठरलं होतं ना? सूनबाईला सातवा चालू आहे, अर्धशिशी उठलीय, पडदे लावून पडलीय. दोनदा उलटी झाली, पॅरासिटामॉल दिली ती पण बाहेर आली

सेक्रेटरी: नमस्कार काकू. ४०२ यांनी कृपया लक्ष द्यावे. सर्वांनी कामाच्या वेळा पाळाव्यात ही विनंती.

४०२: सॉरी काकू, पण लादीवाला परत गेला तर पुढच्या आठवड्याशिवाय येणार नाही. परवानगी घेतलीय, डिपॉझिट पण भरलंय

१०३ काका: डिपॉझिट मी पण भरलं होतं. अजून परत यायचंय सेक्रेटरी साहेब

३०२ काकू: तुमचं डिपॉझिट नंतर हो काका. तिच्या कपाटात मायग्रेनच्या जुन्या गोळ्या आहेत, अर्धी पट्टी. खालच्या मेडिकलमधला पोरगा बोलला अर्धी द्या काय होत नाही. देऊ का?

६०४ नर्स ताई: काकू ती गोळी देऊ नका. पट्टीच्या मागे काय लिहिलंय ते टाका. बीपी मोजलंय का आज?

१०३ काका: सुंठ उगाळून कपाळावर लेप द्या. चाळीत होतो तेव्हा आमच्या हिला त्यानेच उतार पडायचा. वरून बाम चोळायचा भरपूर

५०१: बाम नको काका, मला त्या वासानेच जास्त मळमळायचं. थंड पाण्याची पट्टी ठेवा

२०४ काकी: या दिवसांत डोकं दुखायचंच. आमच्या वेळी कुठे होत्या गोळ्या, सहन करायचो. हल्लीच्या मुलींना जरा काही झालं की गोळी

५०१: काकी, पाणी सुद्धा राहत नाहीये तिच्या पोटात. सहन करून बाळाचं काय भलं होणार?

२०४ काकी: मी आपलं अनुभवाचं बोलले. राग मानू नये.

३०२ काकू: वाचलं. एर्गोटामीन, कॅफीन, अजून बारीक अक्षरात काहीतरी

६०४ नर्स ताई: हेच वाटलं होतं. एर्गोटामीन रक्तवाहिन्या आवळतं, गर्भाशय आकुंचन पावतं, बाळाला रक्त कमी पोचतं, गरोदरपणात ही गोळी चालतच नाही, अर्धी पण नाही आणि पाव पण नाही, अंगावर पाजताना पण नाही. घरातली ब्रुफेन, डायक्लोफिनॅक पण नको, २० आठवड्यांनंतर त्याने बाळाच्या किडनीवर परिणाम होऊन गर्भजल कमी होऊ शकतं, आणि ३० च्या पुढे तर बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद व्हायचा धोका असतो. पॅरासिटामॉलच बरोबर होती, पण पोटात राहायला हवी ना. आणि परत विचारते, बीपी मोजलं का?

१०३ काका: मशीन माझ्याकडे आहे. सेल संपलेत

४०२: सेल मी देतो काका, खाली येतोय. ड्रिल बंद केलंय

१०३ काका: येताना तुमची स्कूटर पण हलवा, माझ्या गाडीला चिकटून लावलीय परत

४०२: ती माझी नाही, ६०१ ची आहे. दर वेळी माझंच नाव

सेक्रेटरी: पार्किंगचा विषय वेगळा घेऊ. कृपया.

३०२ मुलगा: ऑफिसमधून निघालोय, फास्ट मिळाली, दादरला स्लो पकडून करी रोडला उतरतो. तिचा फोन बंद आहे. आई काय चाललंय?

६०४ नर्स ताई: तू ये, पण आधी तिच्या डॉक्टरांना फोन लाव. मी ड्युटीवरून सुटायला ५ होतील. काकू तिला विचारा, नेहमीसारखंच दुखतंय की वेगळं? डोळ्यांपुढे चमकतंय का, अंधुक दिसतंय का, बरगडीखाली पोटात दुखतंय का, चेहऱ्यावर सूज? आणि बीपी

३०२ काकू: नेहमीसारखंच, डावी बाजू ठणकतेय, उजेड नको बोलते. सूज नाही. काका आले मशीन घेऊन. ११६/७४

२०४ काकी: बघा. उगाच घाबरवलं सगळ्यांना

६०४ नर्स ताई: काकी, घाबरवायला नाही विचारलं. २० आठवड्यांनंतर डोकं दुखतं तेव्हा मायग्रेन समजून घरी पडून राहतात आणि बीपी १४०/९० च्या वर असतं, मग झटके येऊ शकतात. मोजल्याशिवाय कळत नाही. मायग्रेनवाल्या बायकांचं तर हमखास राहून जातं, कारण सगळ्यांना वाटतं हिचं नेहमीचंच. डिलिव्हरीनंतर ६ आठवडे पण हे होऊ शकतं

५०१: ताई माझं तर शेवटचे महिने छान गेले आणि बाळ झाल्यावर परत सुरू झालं. सासूबाई म्हणतात गोळी घेतलीस तर दूध बंद कर

६०४ नर्स ताई: दूध बंद करायची गरज नाही. पॅरासिटामॉल चालते, ब्रुफेन फीडिंगला चालते, दुधात अगदी थोडी उतरते, सुमाट्रिप्टान ही मायग्रेनची गोळी पण डॉक्टर देतात. ॲस्पिरिन नको, कोडीनवाली नको. दोन घास खाऊन घे आणि रात्रीचं एक फीड दुसऱ्या कुणाला देऊ दे, उपाशी राहून आणि जागरणाने मायग्रेन उठतं

५०१: आणि आधी मायग्रेन उठू नये म्हणून रोजची एक गोळी होती, व्हॅल्प्रोएट. ती सुरू करू का?

६०४ नर्स ताई: स्वतःहून बिलकूल नको. पुन्हा दिवस गेले तर बाळाच्या मणक्यावर, मेंदूवर परिणाम करते ती. न्यूरोलॉजिस्टला सांग तू फीड करतेयस, दुसरी गोळी देतील

३०२ मुलगा: डॉक्टर बोलल्या आधी उलटीची गोळी, अर्ध्या तासाने पॅरासिटामॉल ६५०. ७ पर्यंत उतरलं नाही तर घेऊन या, सलाईन लावतील

६०४ नर्स ताई: बरोबर. पुढची ६ तासांनी, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर जाऊ देऊ नका, सर्दीच्या गोळीत पण हीच असते ते लक्षात ठेवा. आणि काही वेगळं वाटलं, अचानक जोरात कळ आली, बोलणं अडखळलं, तर ७ ची वाट नको, १०८ लावा

१०३ काका: सुंठेचा लेप मात्र लावून बघा

४०२: काकू उद्यापासून १० ते १ च काम करतो. लादीवाल्याशी बोललो

सेक्रेटरी: धन्यवाद ४०२. काका, डिपॉझिटचा चेक तयार आहे, सहीला ट्रेझरर गावाहून आले की मिळेल.

१०३ काका: गणपतीला पण हेच ऐकलं होतं

६०४ नर्स ताई: काकू ती एर्गोटामीनची पट्टी कपाटातून काढली का?

३०२ काकू: हातातच आहे. काकी बसल्यात तिच्याजवळ. मी मेडिकलमध्ये चाललेय, त्या पोराला मागचं सगळं वाचून दाखवते