आउटलुकमध्ये एका बटणावर सगळ्यांची उत्तरं कशी मागवायची?

विजयनगरकर: इंदूरच्या विजयनगरला आमचं ५८ जणांचं ऑफिस आहे. रंगपंचमीला गेरमुळे, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीमुळे, राजवाड्याकडचे रस्ते बंद राहतात, म्हणून कोण ऑफिसला येणार, कोण घरून काम करणार, कोण रजेवर, हे आधी कळायला हवं. साधा मेल टाकला की ‘बघतो’, ‘कळवतो’ अशीच उत्तरं येतात, मग मोजत बसा. मेलमध्येच काही सोय आहे का? आमच्याकडे एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा ऑफिसांसाठीचा मेल सर्व्हर) आणि जुनं, म्हणजे क्लासिक आउटलुक आहे.

मेलदुरुस्ती: आहे, व्होटिंग बटन्स, म्हणजे मेलमध्येच मत नोंदवायची बटणं. नवीन मेल उघडा, ऑप्शन्स टॅबवर ‘यूज व्होटिंग बटन्स’ दाबा. ‘यस; नो’सारखे तयार पर्याय दिसतील, ते सोडा आणि ‘कस्टम’ घ्या. उघडणाऱ्या खिडकीत व्होटिंग बटन्सच्या चौकटीत लिहा:

येणार;घरून;रजा

मध्ये अर्धविरामच हवा, स्वल्पविराम नको. शब्द छोटे ठेवा. मेलच्या मजकुरात तारीख आणि उत्तर द्यायची शेवटची वेळही लिहा, बटणावर ती मावत नाही.

आता निकाल. सेंट आयटम्समधला तोच मेल डबल क्लिक करून वेगळ्या खिडकीत उघडा आणि ‘ट्रॅकिंग’ दाबा. नावापुढे प्रत्येकाचं उत्तर दिसतं, वर एकूण बेरीजही. पहिलं उत्तर येईपर्यंत ट्रॅकिंगचं बटणच दिसत नाही, त्यामुळे पाठवल्या पाठवल्या शोधू नका. आणि हो, तो पाठवलेला मेल डिलीट करू नका. नोंद त्याच्यातच राहते.

राजवाडा४२: वरच्यात एक भर, कारण गोंधळ नेमका इथे होतो. मेल वेगळा न उघडता नुसता वाचन-उपखंडात (रीडिंग पेनमध्ये) पाहणाऱ्याला बटणं समोर मांडलेली दिसत नाहीत. वरच्या पट्टीत मत देण्यासाठी ‘येथे क्लिक करा’ अशी इंग्रजी ओळ असते, तिच्यावर क्लिक करावं लागतं. नुसतं रिप्लाय करून ‘येणार’ लिहिलं तर ते मोजणीत धरलं जात नाही. मजकुरात पहिल्याच ओळीत हे सांगा, नाहीतर निम्मे लोक रिप्लायच करतील.

विजयनगरकर: सहा जण बाहेरच्या एजन्सीचे आहेत, जीमेलवर. त्यांना चालेल का?

मेलदुरुस्ती: नाही, जीमेलमध्ये बटणं दिसणारच नाहीत. त्या सहांना गूगल फॉर्म पाठवा, किंवा ताई, सरळ फोन करा. सहाच तर आहेत. शिवाय ही मतं गुप्त नसतात, नावासकट दिसतात. हजेरीला ठीक, पण कुणाबद्दल मत विचारायचं असेल तर हे वापरू नका.

राजवाडा४२: यादी एक्सेलमध्ये हवी असेल तर ट्रॅकिंगमधल्या ओळी निवडा, कंट्रोल-सी, एक्सेलच्या कोऱ्या पानावर कंट्रोल-व्ही. उत्तर न दिलेल्यांपुढचा रकाना रिकामा राहतो. आठवण फक्त त्यांनाच पाठवा, पुन्हा ५८ जणांना नको.