इतक्या लवकर एकच खेळ कशाला?
इथे कोणीतरी विचारलंय की १० वर्षांच्या मुलाला आत्तापासून फक्त बॅडमिंटनच द्यावं का, माझ्या मते नको. पळणं, पोहणं, बॉल फेकणं-झेलणं सगळं होऊ दे. कोचिंगचा ढोबळ हिशोब म्हणजे जितकं वय त्यापेक्षा जास्त तास आठवड्याला नकोत. आणि उंची झपाट्याने वाढते तेव्हा (मुली साधारण १२, मुलं १४च्या आसपास) जरा जपा, हाडांच्या टोकाची वाढणारी कूर्चा नाजूक असते, गुडघे-टाचा दुखतात, त्यात टायमिंगही बिघडतं आणि कोच म्हणतो लक्ष नाही!! लक्ष असतं हो, हातपाय लांब झालेत त्याचे. तेव्हा उड्या-स्मॅश कमी करा, दर तीन महिन्यांनी उंची लिहून ठेवा म्हणजे झपाट्याची वाढ कधी सुरू झाली ते कळेल. बाकी लहान गटातली मेडल्स बरेचदा लवकर वाढलेली पोरंच नेतात, त्यावरून टॅलेंट ठरवू नका.