मतदान केंद्र बदलणार म्हणतायत, सांगायचं कोणाला?

भांडुपकर: आमच्याकडे मतदान केंद्रांची फेरतपासणी चाललीय म्हणे. आई ७८ वर्षांची, गेल्या वेळी शाळेचा दुसरा मजला आणि लिफ्ट नाही, तिला धरून धरून चढवलं. हे पालिकेला सांगायचं की कलेक्टरला?

परळवाला: निवडणूक कुठली त्यावर आहे हो. लोकसभा-विधानसभेची केंद्रं जिल्हा निवडणूक अधिकारी ठरवतात, केंद्रीय निवडणूक आयोगाची मंजुरी घेऊन. मसुदा यादी लागली की हरकत द्यायची, नंतर बोंबलून उपयोग नाय. पालिकेचं सगळं राज्य निवडणूक आयोगाकडे, त्यांचे प्रभागही वेगळे, एकूण २२७, त्यामुळे विधानसभेचंच केंद्र येईल असं धरून बसू नका.

चौथी सीट: लेखीच द्या आणि पोच घ्या. तळमजला हवा, दोन किमीच्या आत हवं हे केंद्रीय आयोगाचंच म्हणणं आहे, तेच अर्जात टाका. आता केंद्राला जास्तीत जास्त १५०० ऐवजी १२०० मतदार केलेत म्हणून केंद्रं वाढतायत, मग हलवाहलवी होणारच. २० मे २०२४ ला लोकसभेच्या मतदानाला उन्हात लोकं किती ताटकळली, त्यानंतर विधानसभेला सोसायट्यांत पण केंद्रं दिली.

भांडुपकर: आणि घरून मतदान?

परळवाला: लोकसभा-विधानसभेला ८५ च्या वर लागतं. पण आईंकडे ४० टक्के दिव्यांगत्वाचं सर्टिफिकेट असेल तर घरून मतदानाचा १२-डी फॉर्म भरता येतो, बीएलओकडे (मतदान केंद्राचा मतदार यादीवाला अधिकारी) मिळेल. नसेल तर व्हीलचेअर-रॅम्प आधीच मागून ठेवा.