प्रतिसाद: तीन क्वार्कची बेरीज

प्रोटॉनमध्ये तीनच क्वार्क (ज्यांचा तो बनतो ते मूलकण), मग त्याचं वस्तुमान काढायच्या बेरजेला महासंगणक कशाला, असं वर विचारलंय. बेरीज जुळतच नाही, म्हणून! नागपुरात बीएस्सीच्या शिकवणीत मी फळ्यावर मांडून दाखवतो: दोन अप, एक डाऊन (क्वार्कचे दोन प्रकार) मिळून जेमतेम 9 एमईव्ही (कणांचं वस्तुमान मोजायचं एकक), आणि प्रोटॉन 938. मागच्या बाकावरून हमखास येतं, "सर, मग बाकीचं कुठून येऊन राहिलं?"

ते येतं क्वार्क आणि त्यांना बांधून ठेवणारे ग्लुऑन कण यांच्या ऊर्जेतून. कागदावर ते सुटत नाही, म्हणून भौतिकशास्त्रज्ञ केनेथ विल्सन यांनी 1974 मध्ये अवकाश-काळाची जाळी मांडली: क्वार्क गाठींवर, ग्लुऑन गाठी जोडणाऱ्या दुव्यांवर. या जाळीवरचं गणित इतकं प्रचंड की त्याला महासंगणकच लागतो. 2015 मध्ये याच पद्धतीने न्यूट्रॉन-प्रोटॉनच्या वस्तुमानातला इवलासा फरकही गणिताने काढला गेला. न्यूट्रॉन फक्त 0.14 टक्के जड. हे उलटं असतं, म्हणजे प्रोटॉन जड असता, तर हायड्रोजन टिकलाच नसता!