पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत की निष्काळजीपणा? मदत हवी आहे

नमस्कार. माझ्या आईवर गेल्या वर्षी तालुक्याच्या ठिकाणच्या एका खासगी रुग्णालयात पित्ताशयातील खड्यांसाठी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर पोट फुगले आहे, डोळे पिवळसर दिसत आहेत असे आम्ही वारंवार सांगूनही रक्ताची तपासणी किंवा सोनोग्राफी न करता, ‘गॅस आहे’ एवढे सांगून तिला घरी सोडण्यात आले. पुढे ताप चढल्यावर पुण्याला हलवले, तेव्हा पित्तनलिकेला इजा होऊन पोटात पित्त साठल्याचे निष्पन्न झाले आणि दुसरी, बरीच मोठी शस्त्रक्रिया करावी लागली.

पुण्याच्या सर्जननी स्पष्ट सांगितले की अशी इजा निष्णात हातांकडूनही होऊ शकते, आणि संमतीपत्रातही तिचा उल्लेख आहे. त्यामुळे इजा झाली एवढ्यावरून कोणाला दोषी ठरवावे असे मला वाटत नाही. माझा आक्षेप आहे तो लक्षणे दिसत असताना तपासणी न करण्याला. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ या पुण्यातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली म्हटले होते की रुग्ण स्वीकारावा की नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही बाबतींत डॉक्टरने वाजवी काळजी घेतली पाहिजे. शस्त्रक्रियेनंतरची देखरेख यातील तिसऱ्या कर्तव्यात मोडते, असे धरून चालावे का?

नातेवाईक मंडळी ‘पोलिसांत गुन्हा दाखल करा’ म्हणत आहेत. मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू निकालानुसार (२००५) फौजदारी जबाबदारीसाठी निष्काळजीपणा ढोबळ स्वरूपाचा असावा लागतो आणि त्याआधी स्वतंत्र वैद्यकीय मत घ्यावे लागते, म्हणून तो मार्ग मी बाजूला ठेवला आहे. महाराष्ट्र वैद्यक परिषद डॉक्टरच्या नोंदणीवर कारवाई करू शकते, भरपाई देत नाही. उरतो जिल्हा ग्राहक आयोग. तेथे दोन वर्षांची मुदत असते, पण ती शस्त्रक्रियेच्या दिवसापासून मोजतात की इजा उघड झाली त्या दिवसापासून, याबाबत मला दोन वकिलांनी दोन वेगवेगळी उत्तरे दिली.

खरी अडचण पुढेच आहे. पहिली शस्त्रक्रिया महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून झाली, म्हणजे मुख्य खर्च आम्ही दिलेला नाही; मग आयोगापुढे आम्ही ‘ग्राहक’ ठरतो का, हा प्रश्न आहे. बाहेरून आणलेल्या औषधांच्या पावत्या तेवढ्या आहेत. खर्च विमा कंपनीने सोसला तरी रुग्ण ग्राहकच ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालात आहे. हेच तत्त्व सरकारी योजनेला लागू झाल्याचा कोणाचा प्रत्यक्ष अनुभव आहे का?

कागदपत्रांचे म्हणाल तर आमच्याकडे फक्त डिस्चार्ज कार्ड आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत नोंदी मिळायला हव्यात. आमच्या लेखी अर्जाची पोच मिळाली, नोंदी नाहीत. मला विशेषतः परिचारिकांच्या नोंदी हव्या आहेत, कारण आम्ही केलेल्या तक्रारी लिहिल्या गेल्या असतील तर त्या तेथेच सापडतील. वकिलाची नोटीस आधी पाठवावी, की थेट तक्रार दाखल करून आयोगाकडूनच त्या मागवून घ्याव्यात? नोटीस गेल्यावर नोंदींत फेरफार होईल ही भीती अनाठायी आहे का?

शेवटचा प्रश्न तज्ज्ञाच्या मताचा. प्रत्येक प्रकरणात ते आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये व्ही. किशन राव प्रकरणात म्हटले आहे. परंतु औरंगाबादच्या अच्युतराव खोडवा प्रकरणात रुग्णाच्या पोटात टॉवेलच राहिला होता, तेथे चूक उघड दिसत होती. आमच्या बाबतीत कोणीतरी जाणकाराने समजावून सांगितल्याशिवाय ती दिसणार नाही. पुण्याचे डॉक्टर तोंडी सर्व सांगतात, लेखी द्यायला मात्र तयार नाहीत. अशा वेळी सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचे मत मागवावे असा अर्ज आयोगापुढे तक्रारीसोबतच करता येतो का, आणि कोणी केला असल्यास त्यात नेमके कोणते प्रश्न विचारले होते?