जावा कापून बॉबर करू की आहे तशी उभी करू?

पावसचा हापूस

नमस्कार मंडळी. माझ्या काकांची १९६९ ची जावा २५० मोटरसायकल गेली चौदा वर्षं आमच्या पावसच्या घरी आंब्याच्या पेट्यांमागे उभी आहे. काका ग्रामसेवक होते. गोळप, पूर्णगड, गावखडी हा सगळा पट्टा त्यांनी हिच्यावरच केला. ते गेले त्याला पाच वर्षं झाली. काकू म्हणते, "हवी तर घे, नाहीतर भंगारवाला दर महिन्याला दारात येतोच."

गाडीची हालत अशी: टाकी आतून लाल, क्रोमला फोड, मागच्या मडगार्डला बोट जाईल एवढं भोक, इंजिन जाम. आरसी आहे, पण काकांच्या नावावर आणि मुदत संपलेली. इंजिन आणि चासीचे नंबर मात्र आरसीशी जुळतात.

माझ्या डोक्यात बॉबर आहे, म्हणजे छाटून हलकी केलेली गाडी. मागचं मडगार्ड काढायचं, चासीची शेपटी (सांगाड्याचा सीटमागचा भाग) कापायची, स्प्रिंगवाली एकच सीट, जाड टायर, काळा मॅट रंग. मग डिसेंबरात गोव्याला कस्टम गाड्यांच्या शोला न्यायची. इथला एक वेल्डर दोन दिवसांत शेपटी उडवून देतो म्हणाला. खर्चाला ८० हजार बाजूला ठेवलेत.

तर कापू का? आणि गणेशगुळ्याचा समुद्र एवढा जवळ असताना बनवलेली गाडी टिकवायची कशी? अण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या मते मी हे पैसे थेट समुद्रातच टाकतोय.

अलिबागचा चॉपर

काप रे बिनधास्त. बॉबरचा जन्मच कापाकापीतून झालाय. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे अमेरिकेतल्या पोरांनी वजन कमी करायला मडगार्डं छाटली, तेव्हा "ओरिजिनल ठेवा" म्हणत कोणी आडवं आलं नव्हतं. भोक पडलेल्या मडगार्डची पूजा करणार आहेस का? फक्त फार जाड टायर घालू नकोस. १२ हॉर्सपॉवरची गाडी आहे, घाटात दम लागेल.

टूस्ट्रोक मालवण

झिला, आधी त्या वेल्डरला फोन करून सांग की येत नाही. मग पुढचं वाच.

मी १९८४ पासून मालवणात गॅरेज चालवतो. १९९८ साली मी स्वतःच्या हाताने एका जावाची शेपटी कापली, म्हणून एवढ्या हक्काने सांगतोय. दिसायला फक्कड झाली होती. दोन पावसाळे काढले. तिसऱ्या वर्षी कट्टा गावच्या उतारावर मागून करकर आवाज आला आणि टायर सीटच्या पत्र्याला घासायला लागला. उजव्या बाजूचा जोड अर्धा उघडला होता. दोष दुसऱ्या कोणाचा नाही, वेल्डिंग माझंच.

कारण नंतर नळी फाडून बघितलं तेव्हा कळलं. बाहेरून जोड घासून, प्रायमर मारून, रंगवून गुळगुळीत केला होता. पण वेल्डिंगच्या उष्णतेने नळीच्या आतलं जे काही संरक्षण होतं ते जळून गेलेलं, आणि आतून रंगवणार कोण? त्या उघड्या लोखंडाला खारी हवा लागली. हाताएवढ्या तुकड्यातून खपल्यांची वाटीभर भुकटी निघाली. हीच गाडी सोलापुरात असती तर वीस वर्षं काही झालं नसतं. आपल्याकडे गंज बाहेरून दिसतो तेवढा बरा, न दिसणाऱ्याला भ्यावं.

आता कागदाचं. २०२१ पासून ५० वर्षांपुढच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात व्हीए अक्षरं येतात. २० हजार रुपये फी, मुदत १० वर्षं. तुझी १९६९ ची, म्हणजे वयात बसते. पण अट अशी की चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नको. शेपटी कापलीस की तो दरवाजा बंद. उलट बाजूही सांगतो: व्हीए नंबरची गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, पेट्रोल भरायला, दुरुस्तीला न्यायची, रोज बाजारात मासे आणायला नाही. तुला रोज फिरवायची असेल तर साधी नोंदणीच नव्याने करून घे. पण तिथेही आरसीवर एक आणि रस्त्यावर भलतीच, असं चालत नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ त्यासाठीच आहे.

मग बॉबर सोडायची का? नाही. बोल्टची बॉबर कर. मागचं मडगार्ड आणि लांब सीट काढून गोधडीत गुंडाळून माळ्यावर टाक. मूळच्याच भोकांवर बसेल अशी पट्टी करून घे, त्यावर स्प्रिंगची सीट. मागे आखूड मडगार्ड, तेही जुन्याच भोकांवर. पुढचं मडगार्ड राहू दे, पावसात तोंडावर चिखल उडाला की आठवण काढशील. टायर १६ इंचीच, फार तर एक माप जाड. चेनचं बंद कव्हर काढायचा मोह होईल, सगळे बॉबरवाले काढतात. काढू नकोस. जावा बनवणाऱ्या म्हैसूरच्या कारखान्याने कोकणावर केलेला तो सगळ्यात मोठा उपकार आहे. बुलेटवाले आठवड्याला चेन पुसत बसतात तेव्हा मी चहा पितो.

इंजिन. किकवर उभा राहू नकोस, आतले दाते जातील. प्लग काढून अर्धा कप डिझेल आणि थोडं पातळ ऑइल आत सोड, आठवडाभर विसरून जा. मग टॉप गिअर टाकून मागचं चाक हळूहळू पुढे-मागे डोलव. सुटलं तरी लगेच चालू करायची घाई नको. चौदा वर्षं उभ्या गाडीचे क्रँकचे ऑइल सील पापडासारखे झालेले असतात. तिथून हवा आत ओढली जाते, मिश्रण पातळ होतं आणि सुटलेला पिस्टन परत धरतो. सील बदलच. बोअर करावा लागला, म्हणजे सिलिंडर आतून कापून मोठा करावा लागला, तर आंबा घाट चढून कोल्हापूरला उद्यमनगरात जा. मूळ बोअर ६५ मिलिमीटरचा आहे. पिस्टन आधी हातात घे आणि त्याच्या मापाने बोअर करायला सांग. आधी बोअर आणि मग पिस्टन शोधत फिरणारे मी खूप बघितलेत. पहिले हजार किलोमीटर पेट्रोलच्या लिटरला ५० मिली ऑइल घाल, पुढे ४०. धूर होईल. होऊ दे.

टाकीसाठी ॲसिड नको, जुना पत्रा चाळण होतो. टाकीत पाणी आणि मूठभर धुण्याचा सोडा भर, तोंडातून लोखंडी सळी सोड, पण ती टाकीला कुठे टेकता कामा नये. बॅटरी चार्जरचा प्लस सळीला, मायनस टाकीला. मोकळ्या पडवीत कर, वायू निघतो, जवळ विडी-काडी नको. आणि सळी स्टेनलेसची घेऊ नकोस, पाणी विषारी होतं. दोन दिवसांत गंज सळीवर येऊन बसतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि आपल्या हवेत पाण्याला तोटा नाही. म्हणून जूनमध्ये टाकी रिकामी करून आत थोडं टूटी (टूस्ट्रोकचं) ऑइल फिरवून ठेव. गंमत म्हणजे जावावाल्यांचा जागतिक दिवस जुलैच्या दुसऱ्या रविवारी असतो. ज्याने ठरवला तो कोकणात राहणारा नसावा.

क्रोमबद्दल माझी जखम अजून ओली आहे. एका मोठ्या शहरातल्या प्लेटरकडे, म्हणजे मुलामा देणाऱ्याकडे, रिम आणि सायलेन्सर दिले. आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम असं ठरलं होतं. गंज अडवतं ते खालचं निकेल, वरचं क्रोम नुसतं चमकायला. त्याने खालचे थर पुसल्यासारखे लावले. पहिल्या गणपतीलाच रिमवर तांबूस ठिपके. तेव्हापासून मी रिम काळ्या रंगवतो आणि सायलेन्सरपुरतं क्रोम करतो. एक सिलिंडर आणि दोन सायलेन्सर ही जावाची ऐट आहे, त्यात काटकसर नको.

शोचं म्हणशील तर, मीही एकदा गोव्याला नेली होती. आदल्या रात्री इंजिनची कव्हरं आरशासारखी घासली आणि गाडी उघड्यावर ठेवून झोपलो. सकाळी बघतो तर ॲल्युमिनियमवर पिठी साखर भुरभुरावी तसा पांढरा थर. घासलेल्या उघड्या धातूवर रात्रभर खारं दंव बसलेलं. धोतराच्या फडक्याने पुसत बसलो तोवर परीक्षक आला, आणि तो कव्हरांकडे बघेचना. टॉर्च लावून सीटखाली वाकला आणि वायरिंगचे जोड बघत राहिला. तिथे मी काळी टेप गुंडाळली होती. काय बोलणार?

समुद्राकडून आलास की गोड्या पाण्याने धू. तुमची विहीर मचूळ असेल तर नळाचं पाणी घे. आणि वर प्लास्टिकची ताडपत्री टाकू नकोस, आत घाम धरते. काकूची जुनी नऊवारी माग.

कास्ट आयर्न चिपळूण

वरच्या दादांनी सगळं सांगितलंय, कागदाचं एक राहिलं. आरसी मयताच्या नावावर असेल तर फॉर्म ३१ लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. काकूंची सही आत्ताच घेऊन ठेव. आमच्या बाबांची बुलेट २२ जुलै २०२१ च्या पुरात पूर्ण बुडाली होती. इंजिनातला गाळ काढायला तीन रविवार लागले, पण कागदांना त्याहून जास्त वेळ गेला, कारण आरसी कपाटाच्या खालच्या खणात होती. तुझ्या आरसीचा आजच फोटो काढ.

पावसचा हापूस

उशिरा लिहितोय. वेल्डरला नाही म्हटलं. सहाव्या दिवशी चाक डोलवताना खट् आवाज झाला आणि पिस्टन सुटला. तेवढ्यात अण्णा पडवीत आले. काही न बोलता त्यांनी गिअरचा दांडा आत दाबला, वर फिरवून त्याचीच किक केली आणि पायाने हळूच दाबून बघितली. मला तोवर वाटत होतं किक वेगळी असते आणि तुटून पडली असेल! चावीही सापडली नव्हती, तर म्हणाले, "खिळा आण."

सीटच्या पट्टीला किती जाडीचा पत्रा घेऊ?

टूस्ट्रोक मालवण

पाच मिलिमीटर, आणि खाली रबराचे बुश. भोकं पाडून झाली की मगच झिंक प्लेटिंगला दे, आधी नको. अण्णांना विचार, पूर्वी त्यांची कुठली होती?