सल्ला हवा: स्टार्ट-स्टॉप, टर्बोवाल्या मायलेजच्या गाड्या 10 वर्षं टिकतात का?

सिडकोवासी:
नमस्कार मंडळी. बजेट ऑनरोड 11 लाख, वर एक रुपया नाही. रोज सिडको ते नाशिकरोड, म्हणजे द्वारका चौकातल्या ट्रॅफिकचा तमाशा दोन्ही वेळेस. अधूनमधून कसारा घाटातून कल्याण. एक लिटरची टर्बो पेट्रोल आवडलीये, पण सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं. सासरे म्हणतात स्टार्टर लवकर जाणार. खरंय का?

गंगापूररोडकर:
थेट स्ट्राँग हायब्रिड घे, म्हणजे पेट्रोल इंजिनासोबत गाडी ओढणारी इलेक्ट्रिक मोटर. माझी टोयोटा हायरायडर आहे. द्वारकेला बॅटरीवर गपचूप सरकते. वेगळा स्टार्टर नाही, बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर नाही, मग बिघडणार काय? हायब्रिड बॅटरीला 8 वर्षं किंवा 1,60,000 किमी वॉरंटी. बजेट थोडं ताण.

सिडकोवासी:
थोडं म्हणजे सात-आठ लाख, साहेब!

निफाडकर_द्राक्षवाले:
स्टार्ट-स्टॉप म्हणजे डोक्याला ताप. नवी टाकलेली बॅटरी वर्षाच्या आत बसली, तीही ऐन लग्नाला निघताना. आता गाडीत बसलो की आधी ते बंद करायचं बटण दाबतो.

अंबड_गॅरेज:
दादा, बॅटरी कुठली टाकली होती? स्टार्ट-स्टॉपला ईएफबी नाहीतर एजीएमच लागते, सारखं चालू-बंद सोसणाऱ्या बॅटऱ्या त्या.

निफाडकर_द्राक्षवाले:
साधीच. दुकानदार म्हणाला चालतं.

अंबड_गॅरेज:
तिथेच घोळ झाला. सासऱ्यांना सांगा, जास्त झीज सकाळच्या थंड स्टार्टला होते, तेल खाली उतरलेलं असतं तेव्हा. सिग्नलला बेअरिंगवर तेलाचा थर असतो, आणि इंजिन गरम झाल्याशिवाय ही सिस्टीम चालूच होत नाही. स्टार्टरही त्या हिशोबानेच दणकट देतात. जपायचं ते टर्बोला, म्हणजे एक्झॉस्टच्या गरम वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणाऱ्या पंख्याला. घाट चढून इगतपुरीला चहाला थांबलात तर लगेच बंद करू नका, मिनिटभर चालू राहू द्या. नाहीतर आतलं तेल जळून कोळसा होतो. परवाच एक उघडला, ऑइल पाइपच्या तोंडाशी नुसतं डांबर, टाचणी आत जाईना. मालकाने तेल वेळेवर बदललंच नव्हतं.

सातपूर_निवृत्त:
कारखान्यात इंजेक्टरच्या, म्हणजे इंधन फवारणाऱ्या भागाच्या, लाइनवर उभी हयात गेली, म्हणून बोलतो. खरी गोम डायरेक्ट इंजेक्शनमध्ये आहे. जुन्या पद्धतीत पेट्रोल हवा आत घेणाऱ्या इनटेक व्हॉल्व्हवरून जायचं, तो आपोआप धुतला जायचा. आता फवारा थेट सिलिंडरमध्ये, त्यामुळे व्हॉल्व्हवर काजळी धरते. पुढे साफ करायला मॅनिफोल्ड, म्हणजे हवा आत नेणारी नळ्यांची जोडणी, उतरवावं लागतं. आमच्या वेळी कार्बोरेटर घरी अंगणात उघडायचो!

कॉलेजरोडची_पोर:
काका, तेव्हा मायलेज किती मिळायचं तेही सांगा 😄 साधं 1.2 चार सिलिंडर घ्या, टर्बोच्या नादी नको. आणि स्टार्ट-स्टॉपने स्टार्टर जातोच म्हणे.

अंबड_गॅरेज:
ताई, वर वाचा.

पंचवटी_एक्सप्रेस:
ई20 बद्दल, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल, कुणीच बोलत नाही! सगळं मायलेज त्यानेच खाल्लं.

सातपूर_निवृत्त:
इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी. 20 टक्के मिसळलं की सहा-सात टक्के फरक पडणारच. एप्रिल 2023 नंतरच्या गाड्यांत रबर, सील त्या हिशोबाने असतात.

पंचवटी_एक्सप्रेस:
माझी 2017 ची आहे. तिचं काय?

गंगापूररोडकर:
त्याला वेगळा धागा काढा. सिडकोवाले, हायब्रिडचं काय ठरलं?

सिडकोवासी:
सगळ्यांचे आभार. बहुमत साध्या इंजिनाकडे आहे हे दिसलं. दोन्ही चालवून पाहिल्या आणि टर्बो मॅन्युअल बुक केली. सासऱ्यांना अजून सांगितलेलं नाही.

अंबड_गॅरेज:
अभिनंदन. मग इंजिन ऑइलच्या डब्यावर एपीआय एसपी हा तेलाचा दर्जा लिहिलाय का ते दरवेळी बघा. कमी आरपीएमला पाय दाबला की अशा टर्बोत इंधन अवेळी पेटतं, पिस्टनसुद्धा फुटू शकतो. 2020 पासून आलेला हा दर्जा ते आवरण्यासाठीही आहे. आणि घाटात वरच्या गिअरमध्ये गाडी रडवू नका, गिअर खाली घ्या. मायलेज थोडं गेलं तर जाऊ द्या.